दिनाकाकाचे पलटे

मार्च लागला की माझ्या पायाला भिंगरी लागते. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा खाली. काही शोधत नसते, काही हरवलेलंही नसतं. भिलाईचा मार्च तसा देखणा. टाउनशिपच्या रस्त्यांवर पानगळ आणि मोहोर एकाच वेळी चाललेले असतात, पळस पेटलेला असतो, सकाळच्या वाऱ्यावर कुठून तरी मोहाचा गोड, आंबूस वास येतो. दुसऱ्या कोणाला यात वसंत दिसत असेल. मला परीक्षा दिसते. पन्नाशी उलटून गेली, आता माझी कोण परीक्षा घेणार? पण पाय काही थांबत नाहीत.

परीक्षा खरं तर माझ्या मुलींची आहे. एकोणीस जणी यंदा गाण्याच्या परीक्षेला बसल्यात. दुपारी चारला बैठकीत सतरंजी पडते, पेटी उघडते आणि पलटे सुरू होतात. सारेग, रेगम, गमप. तीन-तीन सुरांच्या पायऱ्या, आधी वर चढायच्या आणि मग त्याच वाटेनं खाली उतरायच्या. गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला हे दळण दळावंच लागतं आणि प्रत्येकाला त्याचा कंटाळा येतो. फक्त एका माणसाला येत नाही. तो माणूस म्हणजे माझा दिनाकाका, बाबांचा धाकटा भाऊ, फौजेतून रिटायर झालेला. जवळच्याच कोहका वस्तीतून लुनावर येतो, खिडकीजवळची वेताची खुर्ची थोडी तिरकी करतो आणि उजवा कान पेटीकडे करून बसतो. पलटे चालू आहेत तोवर बसतो. बंदिश सुरू झाली की उठतो आणि अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालतो. कुंड्यांना आधीच पाणी घातलेलं असतं, तरी घालतो.

"मॅम, दादाजी को हमारा गाना पसंद नहीं क्या?" मुली हसत विचारतात.

यंदा या अस्वस्थपणात भर पडली ती एका फोनची. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नवरा फौजेत अधिकारी आहे. त्यांच्या तळावर म्हणे जवानांसाठी एक खोली केली आहे. मऊ उजेड, कानाला लावायचे हेडफोन, आणि मन शांत करणारे आवाज. सीमेवरून आलेल्या पोरांना झोप लागत नाही, हातपाय थरथरतात, घरच्यांवर ओरडतात, त्यांना तिथे तासभर बसवतात. ती फोनवर म्हणाली, "मावशी, तुमचे पलटे हवेत. साधे, संथ, पेटीवर. तुम्ही लहानपणी काकांना ऐकवायच्या ना, तसेच." मी आठ दिवसांत कळवते म्हणाले. आज बारावा दिवस आहे.

कोणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा? चांगलं काम आहे, देऊन टाक. मीही स्वतःला तेच म्हणते आणि पुन्हा गच्चीवर जाते.

तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, आम्ही मध्य प्रदेशात होतो. म्हणजे होतो याच घरापासून दोन मैलांवर, सेक्टरातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, पण पत्त्याखाली म. प्र. लिहायचो. बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते, त्यामुळे घराचं घड्याळ भिंतीवर नव्हतं, शिफ्टमध्ये होतं. बाबा नाइटला असले की दिवसा झोपत, आणि दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी काय करायचं असतं हे सेक्टरातल्या प्रत्येक बाईला, पोराला आणि मला वाटतं कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. दाराच्या खिळ्याला पुठ्ठा लटकायचा, त्यावर खडूनं लिहिलेलं असे, 'नाइट ड्यूटी. घंटी न बजाएँ.' पुठ्ठा दिसला की दूधवाला कडी न वाजवता हलकेच खोकायचा. आई गळक्या नळाला चिंधी बांधायची, चिंधीवरून पाणी गुपचूप ओघळत खाली जायचं. बादलीच्या कडीला फडकं गुंडाळायची. कुकरची शिट्टी चारच्या आत होत नसे. देवाची पूजा घंटीवाचून. थकलेल्या माणसाला आम्ही एकच औषध देत होतो, शांतता. ते औषध कोकच्या भट्टीवरून आलेल्या माणसाला लागू पडायचंही. म्हणूनच तर घोटाळा झाला.

मी चौदा वर्षांची होते. फेब्रुवारी संपता संपता दिनाकाका काळी ट्रंक घेऊन आला. एरवी तो सुट्टीवर यायचा तेव्हा अक्रोड आणायचा, मला खांद्यावर घ्यायचा, सगळ्या गल्लीला बर्फाच्या गोष्टी सांगायचा. या वेळी त्यानं ट्रंक खाटेखाली सरकवली आणि भिंतीला पाठ लावून बसला. काश्मीरकडच्या उंचावरच्या एका चौकीवरून आला होता. तिथे अधूनमधून तोफगोळे पडायचे. त्याच्याबरोबरचे दोघं त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते, हे आईनं मला फार नंतर सांगितलं. फौजेच्या दवाखान्यात महिनाभर राहून त्याला दोन महिन्यांची आजारपणाची रजा मिळाली होती. रजा संपली की डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहायचं. फिट लिहिलं तर परत चौकीवर, अनफिट लिहिलं तर नोकरी संपली, घरी.

"इथं आराम कर," बाबा म्हणाले. "कोणी तुले डिस्टर्ब नाही करनार. दोन महिन्यांत पहा कसा टनटनीत होतं ते. बोर्ड म्हंजे काय, परीक्षाच ना? पास होशीन तू."

घरात दोन परीक्षार्थी झाले, एक तो आणि एक मी. माझी गायनाची परीक्षा एप्रिलच्या शेवटी होती, त्याचा बोर्ड त्याच्याच आगेमागे.

दाराला पुठ्ठा लटकला तो काढलाच नाही. बाबा सकाळच्या पाळीला गेले तरी पुठ्ठा तसाच. गल्लीला वाटलं यांना काय जन्माची नाइट लागली की काय. नळाला चिंधी, बादलीला फडकं, देवाची घंटी फडताळात. आम्ही बोटांवर चालायचो. शेजारच्या साहूकाकींनी त्यांचा रेडिओ आतल्या खोलीत नेला. एवढं सगळं जिवाभावानं चाललेलं, आणि काका दिवसेंदिवस वाईट होत चाललेला. घरात शांतता पसरली की तो खाटेवर ताठ व्हायचा. डोळे दाराकडे. लांब रेल्वेच्या यार्डात वॅगन एकमेकांवर आदळायच्या, धाड, आणि काका विचारायचा, "ते कायचं होतं?" मी सांगायची, शंटिंग. तो मान हलवायचा, आणि पुढच्या धाडची वाट पाहत बसायचा. कपाळावर घाम. जेवण थाळीत तसंच. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच, पण तेव्हा कोणाला कळत होतं? आम्हाला वाटायचं, शांतता कमी पडतेय. म्हणून ती अजून वाढवायचो.

मग ती झाकणाची दुपार आली. आईच्या हातून पितळेचं झाकण निसटलं आणि फरशीवर पडून गरगर वाजत राहिलं. मी दारात पुस्तक घेऊन उभी होते. दुसऱ्या क्षणी मी जमिनीवर आणि माझ्यावर काका, सगळं अंग पांघरून, हात माझ्या डोक्यावर दाबलेला. माझी हनुवटी उंबऱ्यावर फुटली. रक्त पाहून आई किंचाळली, त्या किंचाळण्यानं काकानं मला अजूनच घट्ट दाबलं. तीन टाके पडले. आजही आरशात बारीक पांढरी रेघ दिसते.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा काका मागच्या दारात बसला होता. "दादा, मले गावाले धाडून दे. पोरगी मरन माह्या हातानं."

"भाऊजी, असं नका बोलू," आई म्हणाली, आणि रडायलाच लागली. बाबांनी पॉवर हाउस भागातल्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी आणलेली सेकंडहँड पेटी उचलली आणि साहूकाकींकडे नेऊन ठेवली. घरात उरलेला शेवटचा आवाज तो होता. "तिकडं रियाज करजो," मला म्हणाले. मला राग आला. काकाचा नाही, सगळ्यांचाच. हनुवटीही माझी फुटायची आणि पेटीही माझीच जायची?

साहूकाकींच्या मागच्या खोलीत मी रागारागानं पलटे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी काकी दारात येऊन त्यांच्या छत्तीसगढीत हळूच म्हणाल्या, "नोनी, तोर कका बाहिर खड़े हे."

मी बाहेर पाहिलं. भर दुपारी, अनवाणी, काका मागच्या गल्लीत भिंतीला कान लावून उभा होता. खालची माती तापून तव्यासारखी झालेली. मी गप्प झाले तसा त्याचा चेहरा बदलला.

"कावून थांबली? म्हन ना."

मला वाटलं, आता काही चांगलं ऐकवावं. परीक्षेची भूपातली बंदिश सुरू केली. दोन ओळी झाल्या आणि तो मागे सरकला. "ते नको. तेच म्हन, पहिलेचं."

"ते गानं नाही काका. तो तर पलटा आहे, नुसता सराव."

"तोच म्हन."

म्हटला. वर गेले, खाली आले. पुन्हा वर, पुन्हा खाली. काका खोलीत येऊन जमिनीवर बसला. पंधराव्या की विसाव्या फेरीला त्याचे खांदे खाली आले. माणसाचे खांदे इतके खाली येऊ शकतात हे मला माहीत नव्हतं, कारण महिनाभर ते कानांपाशीच अडकलेले पाहिले होते. थोड्या वेळानं तो आपणहून तिकडचं बोलला. महिनाभरात पहिल्यांदा.

"तिकडं का होते सुमे, एक आवाज झाला का दुसरा कधी येईन ते समजत नाही. आवाजाचं काही नाही गं. बीचचा टाइम खराब रायते. इथं घरी तर पूरा बीचचाच टाइम करून ठेवला तुम्ही. तुह्या यात समजते. सारेग झालं का रेगम येनारच. कोनी मधात काही पाडत नाही."

मी धावत घरी गेले आणि आईला सांगितलं. आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे. मग तिनं नळाची चिंधी सोडली. थेंब बादलीत पडायला लागले, टप, टप, टप, एकसारखे. त्या दिवशी बऱ्याच काळानं घरात कुकरची शिट्टी झाली. आईनं आधी ओरडून सांगितलं, "भाऊजी, आता तीन शिट्ट्या होतीन बरं का!" काकानं खाटेवरून बोटांवर तीन मोजल्या.

तो एप्रिल मी कधी विसरणार नाही. पेटी घरी आली. रोज दुपारी तीन ते चार पलटे. काका अंगठ्यानं गुडघ्यावर ठेका धरायचा. मी लय कमी केली की त्याचा श्वास कमी व्हायचा, हे मी हेरलं होतं आणि त्याचा मला माज चढला होता. शाळेत सांगायची, मी काकाला बरं करतेय. तो जेवायला लागला. पेटीशेजारी भिंतीला टेकून त्याला डुलकी लागायची, तेव्हा मी सूर न सोडता आईला खुणेनं दाखवायची. एकदा पुन्हा झाकण पडलं, बहुतेक आईनं मुद्दाम पाडलं. काका नुसता वळला आणि म्हणाला, "वहिनी, हात जरा जपून." आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा कोक ओव्हनवरून येऊन काळवंडलेल्या चेहऱ्यानं हसले. "पास! आता पास समज."

पास, पास. घरात दुसरा शब्द नव्हता. मी पास होणार, काका पास होणार. घरातून निघताना आईनं आमच्या दोघांच्याही तळहातावर दहीसाखर ठेवली, आधी माझ्या आणि दोन दिवसांनी त्याच्या. आज आठवलं की अंगाला चटका बसतो. आम्ही त्याला सगळं विचारत होतो, भूक आहे का, झोप लागली का, चहा घेतोस का. एक गोष्ट कोणी विचारली नाही.

माझी परीक्षा मी सणसणीत आपटले. पलट्यांवर परीक्षक खूश झाले, आणि बंदिशीला मी तोंड उघडून बसून राहिले. महिनाभर काकाला नको म्हणून मी ती म्हटलीच नव्हती. काका मात्र फिट झाला. तो बोर्डाहून परत आला तेव्हा पॉवर हाउसच्या स्टेशनावर आम्ही सगळे गेलो होतो, बाबांच्या हातात पेढ्यांचा खोका. काका डब्यातून उतरला, मान हलवली आणि बाबांनी तिथेच त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्याला बोलताच आलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून बाबा हमालालासुद्धा सांगत होते, "माह्या पोरीनं बरं केलं याले."

चार दिवसांनी तो त्याच ट्रंकेसह त्याच चौकीवर गेला.

पत्रं यायची. सगळं कुशल, थंडी फार, आणि खाली निळ्या शाईत चढता पलटा लिहिलेला. मी उत्तरात उतरता लिहून पाठवायची. तो आमचा खेळ झाला होता. दुसऱ्या वर्षी तीन महिने पत्र नाही. मग दवाखान्यातून, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात. गोळा जवळ पडला, जिवावरचं कानावर निभावलं. डावा कान पूर्ण गेला. त्याच्याबरोबर दगडाआड दडलेला एक जण वाचला नाही, आधीच्या दोघांनंतरचा तिसरा. आई म्हणाली, देवाची कृपा. त्या दिवसानंतर माझ्या पोरीनं बरं केलं हे वाक्य बाबांनी पुन्हा उच्चारलं नाही. मीही नाही.

पण मनात ते गेली कित्येक वर्षं येरझाऱ्या घालतंय. मी पलटे म्हटले नसते तर? ताठ खांद्यांनी, थरथरत्या हातांनी तो बोर्डासमोर उभा राहिला असता तर? करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणावं तर तेही खरं नाही. जे करायला गेले तेच झालं. माणूस बरा झाला. बरा झाला म्हणूनच परत गेला.

काल दुपारी मुली यायच्या आधीच काका आला. मी चहा ठेवला, आणि गॅससमोर उभी राहून, त्याच्याकडे पाठ करून, त्या फोनबद्दल सांगितलं. मग वळून त्याच्या उजव्या बाजूला बसले.

"काका, तेव्हा बोर्डात तुले पास व्हायचं होतं का रे?"

त्यानं चहा बशीत ओतला. फुंकर घातली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"नाही," तो म्हणाला. "फेल व्हायचं होतं. रेल्वेतच ठरवलं होतं. आवाज झाला का अंग उडते ना, तसं उडू द्याचं, रोकाचं नाही. नाटक नाही करनार होतो, जे हाय ते दिसू देनार होतो. डॉक्टर समोर बसून लिहून राहिला होता, अन मागं कोनाच्या तरी हातून ट्रे पडला. पाडला का पडला, देव जाने."

"मग?"

"मंग काही नाही. अंग उडालंच नाही सुमे. आत तुहा पलटा चालू होता. गमप झालं होतं, मपध येनार होतं. मी त्याचीच वाट पाहून राहिलो होतो."

चहा थंड होत होता. मी त्याची बशी बाजूला सरकवली. "मग सांगितलं कावून नाही? स्टेशनावर तरी..."

"कोनाले सांगू? दादा पेढे घेऊन उभा होता." तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. मी रडले. पन्नाशीची बाई, स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून चौदा वर्षांच्या पोरीसारखी रडले. त्यानं माझ्या हनुवटीवरच्या रेघेवर अंगठा ठेवला.

बाहेर फाटक वाजलं, मुली आल्या. मी डोळे पुसले. "त्यांना काय सांगू मग? देऊ का नको रेकॉर्डिंग?"

"दे ना. झोप लागते त्यानं, खोटं कावून बोलू? पोरायले झोप तं भेटू दे." खुर्चीकडे जाता जाता तो थांबला. "पन देच्या पहिले त्यायले एक इचारजो. पोरगं बरं झालं का मंग त्याले कुठं धाडता?"

मुली सतरंजीवर बसल्या. एकीनं पेटीचा भाता सोडवला. "मॅम, शुरू करें?" काकानं खुर्ची तिरकी केली आणि उजवा कान पुढे केला. मी पेटीवर सा धरला. पुढे रे येणार हे एकोणीस मुलींना ठाऊक होतं, काकालाही ठाऊक होतं. माझं बोट मात्र साच्या पट्टीवरून उचलेना.